हलके ब्रेक आणि सुनंदाची सही

मुग्धाने छोटी डबी माझ्या वर्कशॉपमधल्या काट्यावर ठेवली आणि आकड्यावर बोट ठेवून म्हणाली, "काका, बघा. दोन्ही मिळून एवढंच वजन. कमाल है ना?"

डबीत रोड बाइकच्या, म्हणजे रेसिंग सायकलच्या, ब्रेकची जोडी होती. परदेशातून मागवलेली, सोनेरी, आणि जिथे धातू कोरून काढता येईल तिथे कोरलेली. दिसायला देखणी. मला त्या क्षणी काहीच खटकलं नाही, हे आधीच कबूल करतो.

मी मूळचा साताऱ्याचा. एअरफोर्समध्ये विमानांच्या कंट्रोलच्या दुरुस्तीचं काम केलं. शेवटचं पोस्टिंग लखनऊजवळच्या बख्शी का तालाबला होतं. निवृत्तीनंतर इथेच, लखनऊच्या वृंदावन योजना वसाहतीत घर घेतलं आणि गॅरेजमध्ये रेसिंग सायकली दुरुस्त करू लागलो. मुग्धा नागपूरची, इथल्या एका रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये सायंटिस्ट आहे. पाच दिवसांनी ती सायकल क्लबबरोबर नैनीतालला निघणार होती. आधी डोंगर चढायचा आणि मग काठगोदामपर्यंत सलग उतरायचं.

"चढताना एकेक ग्राम जाणवतो, काका."

"आणि उतरताना?"

"उतरताना क्या, उतर जाएंगे."

तिचा दोष नाही. लखनऊ सपाट आहे. इथे ब्रेक लागतो तो ई-रिक्षा आडवी आली तर, नाहीतर रस्त्यात सांड बसला असेल तर. दोन मिनिटं सतत ब्रेक धरायची वेळ इथे कोणावर येत नाही. त्यामुळे इथले सायकलवाले ब्रेकची पारख काट्यावर करतात. इतकी वर्षं इथे राहून मीही त्यांच्यातलाच झालो होतो.

आता ब्रेक म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. चाकाच्या कडेला, म्हणजे रिमला, दोन्ही बाजूंनी चिमट्यासारखा धरणारा भाग असतो, त्याला कॅलिपर म्हणतात. कॅलिपरच्या दोन दांड्यांना रबराचे पॅड असतात. हँडलवरचा लिव्हर दाबला की केबल ओढली जाते, दांड्या जवळ येतात आणि पॅड रिमला घासतात. एवढंच. पहिल्या दिवशी मी पुढचा कॅलिपर बसवला, मागचा दुसऱ्या दिवसावर ठेवला. लिव्हर दोन बोटांनी दाबून पाहिला तर लोण्यासारखा मऊ. मी खूश झालो. कामाच्या नोंदीच्या कार्डावर सही ठोकली आणि सुनंदाला हाक मारली.

सुनंदा माझी बायको. एअरफोर्समध्ये नियम असा की विमानाच्या कंट्रोलला हात लावला तर काम करणाऱ्याने सही करायची, आणि मग ज्याने त्या कामाला हात लावलेला नाही अशा दुसऱ्याने तपासून सही करायची. त्याशिवाय विमान उडत नाही. ती सवय माझी सुटली नाही. गॅरेजमध्ये दुसरा माणूस नाही, म्हणून दुसरी सही सुनंदाची. तिला सायकल चालवता येत नाही. पण जन्मभर शाळेत गणिताचे पेपर तपासलेत, त्यामुळे दुसऱ्याची चूक काढणं तिच्या अंगवळणी पडलं आहे. घरात मला त्याचा अनुभव आहेच.

तिने लिव्हर पूर्ण मुठीत धरून आवळला. तो सरळ हँडलला टेकला.

"अहो, हा टेकतोय."

"एवढ्या जोराने कोण दाबतं? दोन बोटांचं काम आहे."

"घाबरलेला माणूस दोन बोटांनी दाबेल होय?" तिने पेन खाली ठेवलं. "मी नाही सही करायची."

मला राग आला. कुकरच्या शिट्ट्या मोजणारी बाई मला ब्रेक शिकवणार, असंही मनात आलं. तरी नियम माझाच होता, म्हणून चडफडत पट्टी घेऊन बसलो. दहा मिनिटांत माझा चेहरा उतरला.

मुग्धाची सायकल जुनी, तिचे लिव्हरही जुन्या पद्धतीचे. ते दाबल्यावर थोडीच केबल ओढतात. हे नवे कॅलिपर जास्त केबल मागतात. अशी विजोड जोडी जमवली की लिव्हर मऊ लागतो, माणूस त्यावर भाळतो, पण दाबायला वाव उरत नाही. त्यात त्या कोरलेल्या दांड्या जोर लावला की चक्क वाकत होत्या. मी पॅड रिमला खेटून बसवले होते, म्हणून सगळं झाकलं गेलं. उतारावर पॅड झिजून मागे सरकले असते आणि ऐन वळणावर लिव्हर हँडलला टेकला असता. मला भीती वाटली, आणि त्याहून जास्त लाज वाटली.

मुग्धाला फोन करून सुनंदाने काय पकडलं ते सांगितलं. ती संध्याकाळी आली, लिव्हर दाबून पाहिला आणि म्हणाली, "काका, इतना स्मूद तो है यार. तुम्ही उगाच टेन्शन घेता."

"बरं. उद्या पहाटे फ्लायओव्हरवर ये."

आमच्याकडे डोंगर नाही, पण रेल्वेवरचा फ्लायओव्हर आहे. पॅड झिजल्यावर जेवढे मागे जातील तेवढी केबल मी सैल केली. मागचा जुना ब्रेक अजून सायकलवर होता, तोच माझा विमा. पोरीला कसं बसवणार, म्हणून स्वतःच बसलो. पाठीवर बॅगेत दहा किलो आटा घेतला, म्हणजे ओझं वाढून ब्रेकवर जास्त ताण येईल. मुग्धाने खाली खडूने रेघ मारली. रेघेच्या बऱ्याच आधी एक विजेचा खांब होता. खांबाशी ब्रेक लावायचा आणि रेघेच्या आत थांबायचं, असं ठरलं.

खांबाशी मी मूठ आवळली. लिव्हर हँडलला टेकला आणि सायकल आपल्या मजेत चालतच राहिली. रेघ गेली, मुग्धाही मागे पडली. शेवटी मागचा ब्रेक धरला तेव्हा एका दूधवाल्याच्या मोटरसायकलपाशी थांबलो.

"अंकल, ब्रेक नहीं है का?"

"है भैया. बहुत हल्का है."

मुग्धा धावत आली. चेहरा पांढरा पडला होता. मग म्हणाली, "काका, काहीही लावा. पण थांबणारं लावा."

हज़रतगंजमधल्या एका जुन्या दुकानदाराकडे तिच्या लिव्हरच्या पिढीचे कॅलिपर मिळाले. दांड्या ठोकून घडवलेल्या, भरीव, न वाकणाऱ्या. सोनेरी जोडीपेक्षा जड, पण तिच्या मूळच्या ब्रेकपेक्षा हलके. नवी केबल, चांगले मऊ पॅड. सुनंदाने दोन्ही लिव्हर मुठीने आवळले. मध्येच थांबले, घट्ट. मग तिने सही केली. फ्लायओव्हरवर आट्यासकट रेघेच्या दोन हात अलीकडे थांबलो. कमी करायचं राहिलेलं वजन मुग्धाच्या सीटखालच्या पिशवीतून कमी केलं. त्यात लोखंडी कुलूप होतं, आणि दोन छत्र्या. दोन कशाला, ते तिलाही सांगता आलं नाही.

ती उतरणार होती त्या सकाळी मी काही काम केलं नाही. दुपारी फोन वाजला. खालच्या वळणावर जीप आडवी उभी होती, म्हणाली. खाईच्या बाजूला जागा नव्हती. "थांबले, काका. हातभर अंतर होतं." इतकं हलकं मला निवृत्तीच्या दिवशीही वाटलं नव्हतं.

"शाबास," मी म्हणालो. "ब्रेक कसे वाटले?"

"ते नंतर सांगते. आधी काकूंना फोन द्या."

मी दिला. दोघी वीस मिनिटं बोलल्या. तपासणाऱ्याचं कौतुक माझ्या नोकरीत मी कधी पाहिलं नाही. त्याने पकडलेल्या चुकीतून पुढे काही घडतच नाही, मग कौतुक कशाचं करणार? ही चूक मात्र माझी होती, म्हणून लिहून ठेवली.