फिजिओथेरपीवाल्या मॅडमशी बोललेलं खोटं

ऊर्जानगरच्या ऑफिसात मी दिवसभर मान पुढे काढून, खांदे पाडून कॉम्प्युटरसमोर बसतो. मागच्या वर्षी डावा हात वर जाईना, म्हणून चंद्रपूरला फिजिओथेरपी लावली. तिथल्या मॅडम म्हणाल्या, "भाऊ, हाडात काही नाई. तुमच्या बसण्यातच दुखणं आहे. अर्ध्या-अर्ध्या तासानं उठत जा, अन् हात वर नेण्याचा हा व्यायाम रोज करा." मग सहज विचारलं, "घरी अजून कोणाचा खांदा दुखते का?"

मी "नाई" म्हणालो.

बायकोला तीन वर्षांपासून मागे हात नेऊन अंबाडा बांधता येत नव्हता. मुलगी बांधून द्यायची. चामोर्शीकडच्या आमच्या बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, ती दरवर्षी धानाच्या रोवण्याला, रोपं लावायला उतरते. डावं कोपर गुडघ्यावर टेकवून, त्याच हातात रोपांची जुडी धरून दिवसभर वाकलेली, सगळा भार त्या एका खांद्यावर. तिनं सांगितलं तेव्हा मी म्हणालो होतो, "रोवण्यात सगळ्याच बायांचे खांदे दुखतात."

महिनाभर मी दार लावून व्यायाम केला. बसवेना, उठवेना, तिच्याकडे बघवेना. शेवटी एका सकाळी सगळं सांगून टाकलं.

भाजी निवडता निवडता ती थांबली. "म्हंजे तुमचा तो खांदा, अन् माझा काय बैलाचा?"

तिनं भाजी बाजूला सारली. "दाखवा मले तो व्यायाम."

मी हात सरळ वर नेला. तिचा पंजा कानाशी येऊनच अडला. माझा हात खाली कसा आणावा, मला कळेना.