हाव, केला की व्यायाम

कोणीही, कसलीही थाप मारावी आणि ऐकणाऱ्यानं ती खरी मानून वर आभार मानावेत, असा माणूस अख्ख्या लातुरात मी एकच पाहिला. आमच्या गल्लीतल्या हाडांच्या दवाखान्यात नवे आलेले फिजिओथेरपिस्ट. हा शब्द म्हणताना जिभेलाच व्यायाम होतो, म्हणून पेशंट त्यांना 'व्यायामवाले डॉक्टर' म्हणत. वय सत्तावीस-अठ्ठावीस, मूळचे किल्लारीकडचे. बाजारात कोणी कमरेतून वाकून पोतं उचलताना दिसलं की हे धावलेच. "मामा, कमरंतून न्हाई, गुडघ्यात बसून उचला," म्हणत स्वतः उचलून दाखवायचे. एका मामांनी तर त्यांच्याकडून कांद्याची अख्खी गाडी उतरवून घेतली. "मामांच्या नीट ध्यानात येत नव्हतं सर, म्हणून परत परत दाखवावं लागलं," असं हे मला घाम पुसत, मोठ्या समाधानानं सांगत होते.

माणसांपेक्षा सांध्यांशीच त्यांचा घरोबा जास्त. कुणाचा गुडघा रुसलेला असे, कुणाची मान अडून बसलेली. माझा खांदा म्हणे भ्याला होता. मी क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो. वीस वर्षं फळ्यावर लिहून उजवा खांदा असा आखडला, की शर्टाची बाही चढवायला बायकोला हाक मारावी लागे. फळ्याच्या वरच्या अर्ध्या भागावर माझा हातच पोचेना, आणि खालचा अर्धा मागच्या बाकांना दिसेना. व्यायामवाल्यांनी खांदा चाचपून पाहिला. "सर, याच्यावर चिडू नका. लेकरासारखी समजूत काढा लागते." मग व्यायाम दाखवला. भिंतीकडं तोंड करून उभं राहायचं आणि बोटं हळूहळू भिंतीवर वर चालवत न्यायची. तीस वेळा, दिवसातून तीनदा.

मी तो दोन दिवस केला. दुखलं, सोडून दिला.

"केला का व्यायाम, सर?"

"हाव, केला की."

"तीनदा?"

"तीनदा."

'वही घरी राहिली' म्हणणारं पोरगं मी नुसत्या नजरेवरून ओळखतो आणि तासभर उभं करतो. यांनी माझ्या नजरेकडं बघितलंच नाही. खांद्याकडं बघितलं आणि वहीत लिहून घेतलं, 'सर नियमित करतात.' हात काही वर जाईना. त्यांनी जुनी पुस्तकं काढली, कॉलेजातल्या सरांना फोन केले. आठ दिवस तोच व्यायाम स्वतः घरी करून पाहिला. "माझा खांदा तर लई मोकळा झाला, सर. तुमचाच कामून ऐकंना?" मी गंभीर चेहऱ्यानं म्हणालो, "वय झालं." तेही त्यांनी लिहून घेतलं.

एकदा आईचं सांगत बसले. भूकंपात तिच्या पायावर भिंत पडली. हाड जुळलं, पण पाय हलवत राहायचा असतो हे तिला कोणी सांगितलंच नाही. "मायनं वर्षभर पाय जपून ठेवला, सर. तसाच राहिला. म्हणून तर मी ह्या लाइनला आलो." एवढं ऐकल्यावर तरी माणसानं घरी जाऊन भिंतीला बोटं लावावीत की नाही? मी नाही लावली.

दवाखान्यात त्यांना तीन महिन्यांच्या बोलीवर ठेवलं होतं. मुदत संपत आली तेव्हा दवाखान्याच्या मालक डॉक्टरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "सर, बाकीच्यांचं सोडा, तुम्ही खरं सांगाल. यांच्या हाताला गुण आहे का? नाहीतर मी दुसरा बघतो." व्यायामवाले दारातच उभे होते. मी व्यायाम करत नाही, एवढंच बोलायचं होतं. पण डॉक्टरांची मुलगी माझ्याच क्लासला. सर खोटं बोलतात हे तिच्या घरी कळायला नको होतं. "रोज करतो हो मी," मी म्हणालो, "पण फरक काही नाही."

"सर बरोबर बोलून राहिले," व्यायामवाले म्हणाले. "मलाच जमलं न्हाई." पुढच्या सोमवारी त्यांच्या जागी दुसरे कोणी बसलेले होते.

त्या दिवसापासून मी भिंतीला लागलो. तीस वेळा, तीनदा, दात-ओठ खात. चार महिन्यांत हात सरळ वर गेला. त्याचा आनंद व्हायचा सोडून मला तोंड लपवावंसं वाटे. ते नायगावला असतात असं कळलं, तेव्हा सुटी काढून एसटीनं गेलो. काय बोलायचं ते रस्ताभर पाठ करत होतो.

दोन खाटांचा छोटा दवाखाना होता. मला बघून ते धावतच आले. "सर, हात वर करा बरं." मी केला. त्यांचे डोळे भरून आले.

मी सगळं सांगितलं. तेव्हा व्यायाम करत नव्हतो, तोंडावर खोटं बोललो, डॉक्टरांपुढंही खोटंच बोललो. हात वर गेला तो तुमच्याच व्यायामानं.

ते शांतपणे ऐकत होते. मग हसले. "माझं मन राखायला स्वतःला कामून खोटं पाडून घेता, सर? तुम्ही तसले न्हाईत."

मी पुन्हा सांगितलं. शपथ घेतली. त्यांनी चहा सांगितला, खुर्ची जवळ ओढली आणि वही उघडून पेनाचं टोपण काढलं.

"फक्त तुमचा खांदा ज्यांनी खरा बरा केला, त्या डॉक्टरांचं नाव सांगा, सर. मला त्यांच्याकडं शिकायला जायचंय."