शेजारच्या टेबलावरची करी

वसईतल्या त्या हॉटेलात पांढरेशुभ्र टेबलक्लॉथ असायचे. आमच्या घरातली प्रत्येक आनंदाची बातमी तिथे पापलेटची करी खाऊन साजरी व्हायची. बदलीमुळे मी सहा वर्षं लांब होतो. परत आल्यावर पहिल्याच रविवारी एकटा जेवायला गेलो. टेबलांवर आता रेक्झिन होतं, कोपऱ्यात रंगीत टीव्ही आला होता. करीला कच्च्या मसाल्याचा वास येत होता. मी चिडलो आणि वेटरला मॅनेजरला बोलवायला सांगितलं.

शेजारी जवळच्याच गिरीज गावाकडचं वाटणारं एक वयस्कर जोडपं बसलं होतं. त्या गृहस्थाने करीत बोट बुडवलं, मसाला अंगठ्यावर चोळून पाहिला आणि हात पुसला. बायको मात्र मन लावून जेवत होती.

"किती छान झालीय! तुमी चौदा वर्षं हीच बनवायचे ना इथं?"

म्हणजे हा इथला जुना स्वयंपाकी. ज्याच्या हातचं इतकं खाल्लं, त्याला मी पहिल्यांदाच पाहत होतो.

त्याने तिच्या ताटाकडे पाहिलं. "हीच," म्हणाला.

"मग घरी कधी का नाय केली?"

"दिवसभर इथं रांधल्यावर घरी तुझ्या हातचं बरं वाटायचं."

ती लाजून हसली.

इतक्यात मॅनेजर आला. "काय झालं, साहेब?"

मी तक्रार केली असती तर ती तिलाही ऐकू गेली असती.

"थोडा भात पाठवा," मी म्हणालो.

शेजारी तोही भातात करी कालवून शेवटच्या घासापर्यंत जेवला.