नळी मोडायला लागणारा जोर

नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. तोवर आमच्या घरात कुणी कधी काही निवडलंच नव्हतं. स्कूटरसाठी नाव नोंदवायचं, वर्षानुवर्षं वाट बघायची आणि येईल त्या रंगाला छान म्हणायचं, ही आमची खरेदी. मग बाजार उघडला. हैदराबादच्या कोठी बाजारातल्या दुकानांत एकाच वस्तूचे चार-चार नमुने दिसायला लागले, गुळगुळीत कागदावरची रंगीत माहितीपत्रकं फुकट मिळायला लागली, आणि माझं डोकं फिरलं. मी सरकारी खात्यात इंजिनियर. मिक्सर घ्यायचा ठरला तरी मी आलेखाचा कागद काढून बसायचो. बायको म्हणायची, "अहो, चटणी वाटायचीय, धरण नाही बांधायचं."

बंदूक मात्र तिला हवी होती. छऱ्याची, स्प्रिंगवर चालणारी. ती पुण्याची. कॉलेजात असताना एनसीसीत नेमबाजी करायची आणि तिथे तिने बक्षिसंही मिळवली होती. लग्न होऊन हैदराबादला आली, मग मुलगी झाली, आणि ते सगळं मागे पडलं. मुलगी शाळेत जायला लागली तसं दर रविवारी तिने शहराबाहेरच्या एका रेंजवर जायला सुरुवात केली. तिथल्या क्लबात एक जुनी, मऊ स्प्रिंगची रायफल होती. त्या रायफलीने दहा मीटरवरच्या कागदावर ती असे छरे मारायची की रेंजवरचे बुजुर्ग चहा ठेवून बघायला यायचे.

त्या वर्षी राज्याची स्पर्धा होती आणि तिला संघात जायचं होतं. तिने हे एकदाच सांगितलं, भाजी निवडता निवडता. "मी बत्तीसची आहे. आता नाही जमलं तर पुढे मीच स्वतःला जाऊ देणार नाही." क्लबची रायफल स्पर्धेला बाहेर नेता येत नव्हती, म्हणजे स्वतःची घेणं आलं. झालं, मी आलेखाचा कागद काढला.

दोन आठवडे मी माहिती गोळा केली. गौलीगुड्याच्या आमच्या जुन्या घरी वडील वकिली करायचे. प्रतिपक्षाच्या कागदांत ते जसे चुका शोधायचे, तसा मी त्या माहितीपत्रकांत बसलो होतो. छऱ्याचा वेग, नळीची लांबी, चापाचा ताण, वजन, सगळे रकाने भरले. शेवटी दोन रायफली उरल्या. एक हलकी, लांब नळीची, मऊ स्प्रिंगची. दुसरी नवीन निघालेली, आखूड, भक्कम, जबरदस्त जोराची. माझ्या तक्त्यात दुसरी सरळ जिंकत होती. रेंजवरच्या एका म्हाताऱ्या काकांना मी तो तक्ता दाखवला. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला आणि विचारलं, "समोर कागद आहे ना? की रानडुक्कर?" मला राग आला. जोर कधी वाया जात नाही, असं मी त्यांना सुनावलं. उंटावरचा शहाणा दुसरं काय सुनावणार?

आम्ही कोठीला गेलो. दुकानदार जुन्या हैदराबादी वळणाचा, अतिशय अदबीचा माणूस. आधी चहा आला, मग रायफली आल्या. बायकोने हलकी खांद्याला लावली, गाल मागच्या लाकडी दस्त्यावर टेकवला आणि म्हणाली, "ही बसते." मग दुसरी लावली आणि लगेच परत काउंटरवर ठेवली. मी तक्त्याची घडी उघडली.

अशी रायफल भरायची तर ती मधल्या बिजागरीपाशी मोडून नळी खाली ओढावी लागते. आतली स्प्रिंग दाबली जाते, खट्‌ आवाज येतो, मग छरा बसवून नळी परत मिटायची. स्प्रिंग जितकी जबर, तितका ओढायला जोर जास्त, आणि नळी आखूड असली तर आणखी जास्त. हे सगळं मला ठाऊक होतं. जोरासाठी तक्त्यात वेगळा रकाना होता आणि जास्त जोर म्हणून त्यात मी जास्त गुण दिले होते. बायकोने दुसऱ्या रायफलीची नळी धरायला हात पुढे केला, तेवढ्यात दुकानदार लगबगीने उठला. "आप कायकू तकलीफ करते मॅडम, मैं है ना." त्याने नळी मोडून दाखवली. तिने पुन्हा हात पुढे केला. या वेळी मीच रायफल घेतली आणि म्हणालो, "हौ, थांब, हाताला ग्रीस लागेल." आम्ही दोघा पुरुषांनी मिळून ती सात-आठ वेळा मोडली. तिला एकदाही मोडू दिली नाही. कुणी उद्धटपणा केला नाही, उलट सगळे फार चांगले वागले. भक्कम रायफल घेऊन आम्ही दिलसुखनगरला घरी आलो.

घरी तिने दस्ता मांडीला टेकवला आणि नळी ओढली. अर्धी आली. दोन्ही हातांनी ओढली तेव्हा खट्‌ झालं, पण तिचा चेहरा लाल झाला होता. नाकापेक्षा मोती जड. तिने रायफल टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "बदलून आणू या." दुकानदाराने तसं कबूलही केलं होतं. मी म्हणालो, "सवय होईल हाताला. तोवर मी आहे ना."

तिथून मी तिचा भरणारा झालो. आधी रविवारी मी रेंजच्या कँटीनमध्ये पेपर वाचत बसायचो, मला कुणी ओळखत नव्हतं. आता मी तिच्या डाव्या बाजूला उभा राहायचो. ती छरा झाडायची, रायफल माझ्याकडे द्यायची, मी नळी मोडून छरा बसवून परत द्यायचो. चाळीस वेळा. बुजुर्ग म्हणायचे, नवरा असावा तर असा. खरं सांगतो, मला ते फार आवडायचं. तिच्या कामात मला जागा मिळाली होती आणि ती जागा माझ्या अंगातल्या जोरामुळे मिळाली होती. तिचे नेमही छान लागत होते. अधूनमधून ती स्वतः नळी ओढून बघायची. पाच-सहा वेळा जमायचं, मग मनगट थरथरायला लागायचं. "राहू दे गं," मी म्हणायचो.

स्पर्धेच्या तीन आठवडे आधी नियमांची पुस्तिका आली. ती तिने माझ्याकडे दिली, कारण घरात असलं काही वाचायचं खातं माझं. चौथ्या पानावर साधं वाक्य होतं. नेमबाजी सुरू झाल्यावर स्पर्धकाखेरीज कुणीही बंदुकीला हात लावायचा नाही. मी ते वाचलं. पुन्हा वाचलं. मग पुस्तिका मिटून कपाटात ठेवली आणि मूग गिळून बसलो.

का, ते मी पुढे पुष्कळदा स्वतःला विचारलं आहे. तेव्हा मनाशी म्हणत होतो की बाईमाणूस म्हणून सवलत देतील, की तेवढ्यात तिचा हात तयार होईल. ही वकिली होती. सांगितलं असतं तर तिने दुसऱ्या दिवशी रायफल बदलून आणली असती, आणि मी परत कँटीनमध्ये पेपर वाचत बसलो असतो. एवढंच कारण होतं.

स्पर्धेच्या सकाळी मी नेहमीसारखा तिच्या डावीकडे जाऊन उभा राहिलो. पंच आले आणि खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "भाईसाब, आप रस्सी के पीछे." मी म्हणालो की मी फक्त भरून देतो. त्यांनी मान हलवली. तिने माझ्याकडे बघितलं, मग पंचांकडे. मग रायफल उचलली आणि नळी स्वतः ओढली.

पहिले दहा छरे सुरेख गेले. दोरीमागे माझ्या शेजारच्या माणसाकडे दुर्बीण होती. तो दर वेळी मान डोलवायचा. अकराव्यापासून ती नळी ओढल्यावर थांबायला लागली. दस्ता कमरेला रोवून, अंगाचं सगळं वजन टाकून ओढायची, मग श्वास जागेवर यायची वाट बघायची. माझे हात नुसते शिवशिवत होते. अठरावा झाडून झाल्यावर नळी अर्ध्यात तिच्या हातून सुटली आणि फाडकन वर आली. तिने तळहात दुसऱ्या हातात धरला. मग रायफल टेबलावर ठेवली, पंचांकडे गेली आणि कार्डावर सही करून बाहेर आली. अजून बावीस छरे राहिले होते.

परतताना स्कूटरवर आमच्या दोघांच्या मध्ये रायफलीची पिशवी उभी होती. एका सिग्नलला तिने मागून शांतपणे विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

खोटं सुचलं होतं. पण बोलून गेलो, "हो."

"कधीपासून?"

"तीन आठवडे झाले."

सिग्नल सुटला. ती म्हणाली, "तीन आठवड्यांत बदलून झाली असती." आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर मला भांडता तरी आलं असतं. मला इतकी लाज आयुष्यात पुन्हा कधी वाटली नाही.

सोमवारी ती एकटी बसने कोठीला गेली आणि मऊ स्प्रिंगची घेऊन आली. दुकानात काय बोलणं झालं, मला माहीत नाही. रविवारी मी स्कूटर काढली तेव्हा म्हणाली, "तुम्ही नका येऊ, मुलीचा अभ्यास घ्या." घरात काही बदललं नाही. डबा, चहा, सणवार, सगळं पहिल्यासारखं. माझ्याशी ती हसायची, बोलायची, फक्त रेंजचा विषय निघाला की उठून गॅस बघायला जायची.

पुढच्या वर्षी स्पर्धेला ती एकटी गेली. संध्याकाळी परत आली, हातपाय धुतले, चहा टाकला, मला कप दिला. कशी झाली, मी विचारलं. "झाली," म्हणाली आणि मुलीच्या वेण्या घालायला बसली. तासाभराने वरच्या मजल्यावरचे शेजारी मिठाईचा पुडा घेऊन दारात आले. जिन्यात तिने त्यांच्या बायकोला सांगितलं होतं. ते माझा हात हातात घेऊन म्हणाले, "मुबारक हो साहब, राज्याच्या टीमला सिलेक्शन झालं, आणि तुम्ही सांगितलं पण नाही?"

"हौ," मी म्हणालो, "सांगणारच होतो."