पागेतला नवा खांब

नव्वदच्या दशकाची सुरुवात. आमची मीरा युनिव्हर्सिटी अर्ध्यात सोडून जुन्या घरांची सुतारकी शिकायला गेली, आणि मी लेस्टरभर सांगत सुटले की ती आर्किटेक्चर करतेय. खोटं ते खोटंच, पण लाज वाटायची हो! दोन वर्षं तिचं काम बघायलाही गेले नाही. शेवटी एका रविवारी हे म्हणाले, "तू येतेस, की मी एकटा जाऊ?" गेले मुकाट्यानं.

ती काम करत होती ते जुनं घर बघायला तुम्हाला जायचं असेल तर एम-६९नं कॉव्हेंट्री, मग ए-४६, आणि वॉरिकच्या अलीकडे एक अरुंद रस्ता. रविवारी बसच्या नादी लागू नका. तिकीट तेव्हा दोन पौंड होतं. टी-रूममधलं सूप म्हणजे नुसतं पाणी; आम्ही गाडीत बसून दशम्या आणि लसणाची चटणी खाल्ली.

घर मात्र बघत राहावं असं. काळपट ओकचा सांगाडा, मधे पांढऱ्या भिंती, वरचा मजला खालच्यापेक्षा हातभर पुढे आलेला. एक रेघ सरळ असेल तर शपथ! भिंती म्हणजे काड्यांचा कूड, वर माती, शेण, गवत. "अगं, ही तर आपली कोकणातली कुडाची भिंत!" हे इतक्या मोठ्यांदा म्हणाले की चार गोरे वळून बघायला लागले.

मागे घोड्यांची पागा. तिथे दाराजवळच्या काळ्या खांबाला कमरेखाली नवं, गव्हाळ लाकूड जोडलेलं. मला कुठलं राहवतंय! माहिती सांगणाऱ्या म्हाताऱ्या साहेबांना म्हटलं, "जोड किती दिसतोय! पॉलिश तरी मारायचं."

"मुद्दामच नाही मारलं," ते म्हणाले. "नवं ते नवं दिसलं पाहिजे, असा आमचा नियम. पण सांध्यात नख घालून बघा."

घातलं. शिरेचना. खिळा एक नाही, नुसत्या लाकडी खुंट्या.

"खालून कुजला होता. अख्खा खांब काढणार होते. एक मुलगी अडून बसली, कुजलंय तेवढंच कापू म्हणाली. इंडियन आहे. काय हात आहे तिचा!"

तेवढ्यात मागून मीरा आली, केसांत भुसा. "आई, हे खांब मी केली. बरी आहे ना?" तिचं मराठी असलंच. मी साहेबांना म्हटलं, "माझी मुलगी." अभिमानानं ऊर भरून आला आणि स्वतःचा रागही आला. मग तिनं आम्हाला एकेक सांधा हात लावून दाखवला, अगदी बंद व्हायची वेळ होईपर्यंत.

दिवाळीला मंडळात एका बाईंनी विचारलं, "काय म्हणतेय तुमची आर्किटेक्ट?"

"आर्किटेक्ट नाही हो, सुतार आहे. मीच खोटं सांगत होते."

बाई म्हणाल्या, "अय्या, मग आमचं किचनचं दार घासतंय, तेवढं बघेल का?"

"बघेल की," मी म्हटलं. "पण नंबर लावावा लागेल. तुमच्या आधी चारशे वर्षांचं घर आहे."