मिठाची जागा

नव्या स्वयंपाकघराचं काम कधी काढायचं, याची कॅलेंडरसमोर चर्चा चालली होती. मिस्त्री म्हणाले, "श्रावणात ओटा तोडू, गौरींपर्यंत सगळं नवं."

सासूबाई जुन्या ओट्यावरून हात फिरवत राहिल्या. "गौरी जाऊ देत, मग तोडा. दादानं स्वयंपाकघर नवं केलं, तेव्हा माहेरी मला मीठ कुठंय ते वहिनीला विचारावं लागलं होतं."

एवढ्याशा प्रश्नानं बाई आपल्याच घरी पाहुणी होते.

आलेल्या गौरींना आपण स्वयंपाकघरही दाखवतो. पण देवीला कुठं मीठ शोधायचं असतं? गौरींबरोबर दरवर्षी माझी नणंदही येते.

मी काम पुढे ढकललं. मिस्त्रींना म्हटलं, "ड्रॉवर हवे तेवढे करा. मिठाचा डबा मात्र गॅसच्या उजवीकडेच राहील, आत्ता आहे तिथंच."