खंडेनवमीला संपलेली मुदत

माजलगावातल्या आमच्या किराणा दुकानाचा अर्धा भाग वडिलांनी आम्हा दोघा भावांना दिला. शेंगदाण्याची पोती हलली आणि तिथे कॉम्प्युटर आला. साबुदाणा घ्यायला आलेलं गिऱ्हाईक पडद्याकडे बघत उभं राहायचं. "ह्यात सिनेमा दिसतो का?" असं कुणी विचारलं की दादा म्हणायचा, "दिसतो, पर लई रटाळ हाय."

दोघंही इलेक्ट्रॉनिक्स शिकलेलो. देश खुला झाला असं तेव्हा पेपरात यायचं. आमच्यापुरता त्याचा अर्थ एवढाच, की परदेशी चिप बंगळुरूहून कुरिअरने आठवड्यात मिळू लागली होती.

साखर कारखान्याच्या वजनकाट्यासाठी आम्ही एक कार्ड बनवत होतो. आकडा दाखवायचा आणि पावती छापणाऱ्या यंत्राकडे पाठवायचा, एवढं काम एका छोट्या चिपमध्ये बसवायचं होतं. ही चिप कोरी येते. तिच्यातलं सर्किट आपण एका विशिष्ट भाषेत लिहून काढायचं आणि त्या लिखाणाचं सर्किट एका सॉफ्टवेअरने करून द्यायचं. त्याला सिंथेसिसचं टूल म्हणतात. ते कुठलं घ्यायचं, यावर आमचं गाडं अडलं होतं.

एक टूल चिपवाल्या कंपनीचं, फुकट. दुसरं वेगळ्या कंपनीचं, भलतंच महाग, पण तीस दिवस वापरून बघायला मिळणारं. गौरी-गणपतीच्या दिवसांत दादाने ते कॉम्प्युटरवर चढवलं. एकच लिखाण दोन्हींना दिलं. फुकटचं म्हणालं, चिपमध्ये जागा पुरत नाही. महागाच्याने तेच लिखाण बसवून थोडी जागा उरवली. मोठी चिप घ्यावी तर कार्डच नव्याने करावं लागलं असतं. मी महागाच्या टूलच्या प्रेमात पडलो. दादाने नेहमीसारखी आपल्या वहीत नोंद केली.

त्याच्या खिशात पुण्याच्या नोकरीचं पत्र होतं. त्याने अप्पांना, म्हणजे वडिलांना, सांगितलं होतं, "कारखान्याचं काम भेटलं तर ऱ्हातो. न्हाई तर जातो." दसऱ्यानंतर चौथ्या दिवशी कारखान्याचे विद्युत विभागाचे साहेब कार्ड बघायला येणार होते. मला दादा हवा होता. त्याच्याशिवाय हे दुकान मला चालवता येणार नाही, असं मला वाटायचं. अप्पांना तर तो मला हवा होता त्याहून जास्त हवा होता, पण त्यांनी ते तोंडाने कधी म्हटलं नाही.

नवरात्रात साहेबांचा निरोप आला, की उसाच्या गाडीवानालाही दिसेल असा दुसरा मोठा आकडा बाहेरच्या बाजूला पाहिजे. मागणी रास्त होती. लिखाणातला बदल पुरा व्हायला अष्टमीची संध्याकाळ झाली. आता टूल एकदा चालवून चिपमध्ये भरायची फाईल काढायची, एवढंच राहिलं होतं, आणि वीज गेली.

"थांबू की. अर्ध्या तासात येईल," मी म्हणालो.

"कामून थांबायचं रं? दसऱ्याला काढू. मुहूर्त बी चांगला हाय," असं म्हणून दादाने शटर ओढलं.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती. आमच्या घरी त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नाही. तराजू, मापं, अडकित्ता, माझी सोल्डरिंगची कांडी, सगळं देवापुढे मांडलेलं. कॉम्प्युटर उचलून नेता येईना म्हणून अप्पाच दुकानात आले. त्यांनी पडद्यावर तीन बोटांनी विभूतीचे पट्टे ओढले, झेंडूचा हार घातला आणि म्हणाले, "आज ह्याला बी इसावा. कुनी चालू करायचं न्हाई." दादा हात जोडून उभा होता.

दसऱ्याला सकाळी कॉम्प्युटर लावला. टूल उघडलं आणि पडद्यावर मुदत संपल्याचं वाक्य आलं. मी कॉम्प्युटरची तारीख मागे नेली, टूलने ती चलाखी लगेच ओळखली. टूलवाल्या कंपनीच्या बंगळुरूच्या ऑफिसात सणामुळे कुणी फोन उचलेना. नंतर उचलला, तेव्हा म्हणाले, विकत घ्या. साहेब आले, एकच आकडा दाखवणारं कार्ड बघून चहा पिऊन गेले. दिवाळीच्या आधी दादा पुण्याला गेला.

एस.टी. हलली तेव्हा मला रडू आलं नाही. काहीच आलं नाही. परत येऊन मी दोन किलो साखर मोजून दिली.

अप्पा मात्र खचले. "म्या पूजा केली आन् लेकराचं काम गेलं," एवढंच ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. मी म्हणायचो, तसं काही नाही, पण कसं नाही ते मला सांगता येत नव्हतं.

हिवाळाभर मी फुकटच्या टूलशी झटत बसलो. लिखाण छाटायचं, दोन कामांना एकच मोजणी वापरायची, पुन्हा टूलला द्यायचं, पुन्हा नकार घ्यायचा. संक्रांतीनंतर एका दुपारी ते बाहेरच्या आकड्यासकट बसलं. मी पडद्याकडे बघितलं आणि जेवायला गेलो. टूल शेवटी हेच घ्यायचं, हे ठरलं.

मग केलेली काटछाट लिहून ठेवायला मी दादाची कामाची वही काढली. रोज काय केलं ते तो तीत नेमाने लिहायचा, आणि वहीत कधी खोटं लिहायचा नाही. टूल चढवलं त्या दिवसाखाली होतं, 'तीस दिवस. शेवटचा दिवस खंडेनवमी. अप्पा मशीन लावू देणार नाहीत.' अष्टमीच्या पानावर होतं, 'बदल पूर्ण. वीज गेली. फाईल काढली नाही. उद्या मुदत संपते.'

मी ती दोन पानं कितीदा वाचली, सांगता येणार नाही. राग यायला हवा होता. त्याला जायचं होतं, आणि ते अप्पांच्या तोंडावर सांगायची हिंमत नव्हती, एवढंच होतं. मी वही टेबलाच्या खणात, तारांच्या खाली ठेवली.

पुढच्या खंडेनवमीला तराजू, मापं, अडकित्ता देवापुढे आले. दादाची जुनी पक्कडही अप्पांनी पुसून मांडली. दुकानात मात्र ते आले नाहीत. मी विचारायला गेलो, तर विभूतीचं ताट हातात धरून म्हणाले, "तुझ्या मशीनला न्हाई लावत बाबा. एक डाव लावली तर थोरला गेला. तू कर काम."

वही खणात होती. ती दाखवली असती तर अप्पांच्या डोक्यावरचं ओझं उतरलं असतं, आणि मुलगा आपण होऊन गेला, हेही त्यांना कळलं असतं. मी बरं म्हणालो. दुकानात जाऊन कॉम्प्युटर चालू केला आणि अप्पांना आवाज जावा म्हणून दुपारपर्यंत उगाच कीबोर्ड बडवत बसलो.